रानतुळशीच्या फुलाएवढं

धान कापून झालं, भारे खळ्यावर गेले, की कारध्याला आमच्या घराकडून नदीकडे उतरणाऱ्या वाटेला एक वास सुटतो. थोडा पुदिन्याचा, थोडा कापराचा, आणि त्याच्या तळाशी काहीतरी उग्र. नवा माणूस नाकाला रुमाल लावतो. मी तिथे थोडी थांबते. नवरा चार पावलं पुढे जाऊन उभा राहतो आणि नदीकडे बघत राहतो. इतक्या वर्षांत त्यालाही ठाऊक झालं आहे की हिवाळा लागला की या वळणावर आपल्याला एकट्यानं पुढे जायचं असतं.

हा वास रानतुळशीचा. ती कोणी लावत नाही. रस्त्याच्या कडेला, पडीत बांधावर, जंगल तोडलेल्या जागी आपली आपण उगवते आणि छातीइतकी वाढते. बकरी तिला तोंड लावत नाही. आमच्या भागात तिचा एकच उपयोग: खाटेत ढेकूण झाले की तिच्या फांद्या तोडून गादीखाली घालायच्या. अंगभर बारीक लव असते, हात चिकट होतो. तिची काडी दोन बोटांत धरून फिरवली तर ती गोल लागत नाही, चौकोनी लागते. हे मला माझ्या बाबांनी दाखवलं. हिवाळ्यात पानांच्या बगलेत तिला फुलं येतात, फिकी जांभळी, इतकी बारीक की लांबून झुडपावर नुसता धूर बसल्यासारखा वाटतो.

बाबा सिहोऱ्याच्या हायस्कुलात जीवशास्त्र शिकवत. आमच्या घराण्यात शिकलेले ते पहिलेच. छप्पन साली आमच्या घरानं बौद्ध धर्म घेतला तेव्हा ते तरुण होते, आणि तेव्हापासून आमच्या अंगणात तुळस नव्हती. म्हणून बाबांनी कुंपणाशी रानतुळशीची रांगच्या रांग वाढू दिली, तेव्हा समोरचे किराणावाले शेठ हसून म्हणाले होते की सर, तुमच्या घरी तुळस कधीपासून आली. बाबा म्हणाले, ‘‘हे तुळशीची दूरची सोयरी आहे, शेठ. पूजेत कोणी बसू देत नाही, म्हणून आमच्याकडं आली.’’ शेठही हसले, बाबाही हसले. पण मला वाटतं, बाबा पुरते हसले नव्हते.

शाळेच्या वाचनालयात एक इंग्रजी पुस्तक होतं. त्यात लव्हेंडरच्या शेतांचं रंगीत चित्र होतं. लव्हेंडर म्हणजे पावडरच्या डब्यावरचं नाव, एवढंच आम्हाला माहीत. चित्रात डोंगराच्या उतारावर जांभळ्या ओळी आखल्यासारख्या गेल्या होत्या आणि शेताच्या कडेला मधमाश्यांच्या पेट्या मांडल्या होत्या. बाबा ते चित्र वर्गात फिरवत आणि मग खिशातून रानतुळशीची फांदी काढत. दोघींची चौकोनी काडी, समोरासमोर पानं, फुलाचे दोन ओठ. एकच कूळ. ‘तिकडे हिच्या बहिणीचं शेत करतात, आणि आपण हिला गादीखाली घालतो,’ असं ते सांगत, आणि सगळा वर्ग हसे. पुढे ते सांगत की मधमाशीला लाल रंग नीट दिसत नाही; निळा-जांभळा मात्र उत्तम दिसतो. शिवाय आपल्याला दिसत नाही असा एक रंग तिला दिसतो. त्या रंगात काही फुलांवर खुणा काढलेल्या असतात, आत कुठून जायचं हे सांगणाऱ्या. म्हणजे आपण फूल पाहतो तेव्हा सगळं पाहतोच असं नाही.

मी सांगतेय तो हिवाळा सत्तरच्या दशकाच्या अखेरचा. पहिल्या बाळंतपणासाठी मी माहेरी, सिहोऱ्याला आले होते. तेव्हा आईनं पहिल्याच दिवशी चुलीपाशी बसवून मला सांगितलं की बाबांचं काहीतरी बिनसलं आहे. पावसाळ्यात ते सायकलीसकट कडेच्या शेतात पडले. म्हणाले, बैलबंडी कुठून आली दिसलीच नाही. बैलबंडी तर उजव्या हाताच्या पांदणीतून घुंगरं वाजवत आली होती. जेवताना ताटाच्या डाव्या कडेची भाजी तशीच राहायची आणि ते पुन्हा भाजी मागायचे. दाराच्या चौकटीला खांदा लागून लागून निळा झाला होता. आणि तेच बाबा सुईत दोरा एका झटक्यात ओवून द्यायचे, पेपरातलं बारीक अक्षर चष्म्याशिवाय वाचायचे. म्हणून आईला वाटे, डोळे तर चांगले आहेत, मन ठिकाणावर नाही.

नागपूरच्या डॉक्टरांनी सांगितलं, काचबिंदू. डोळ्याच्या आतला दाब वाढून मागची नस सुकत चालली होती. हा रोग कडेकडेनं नजर खात येतो आणि मधली नजर शेवटपर्यंत ठेवतो; म्हणून माणसाला उशिरा कळतं. गेलेलं परत येत नाही. उरलेलं राखण्यासाठी औषध दिलं, दिवसातून चार वेळा डोळ्यांत थेंब. परतताना बसमध्ये बाबा खिडकीशी बसले होते. तुमसर आलं. मग म्हणाले, ‘‘मले आता जग रानतुळशीच्या फुलाएवढं दिसते. पण तेवढं साफ दिसते.’’

ते थेंब मला अजून आठवतात. डोळ्यांत पडले की बाबा कपाळ धरून बसायचे. बाहुली आक्रसून मोहरीएवढी व्हायची आणि भर उन्हात त्यांना संध्याकाळ झाल्यासारखं दिसायचं. जवळचं फूलही धुरकटून जायचं. दुपारपर्यंत थोडं निवळायचं, तोवर पुढच्या थेंबांची वेळ. नजर वाचवणारं औषध नजरच काढून घ्यायचं, असा तो प्रकार होता.

आणि नेमकी रानतुळस फुलावर आली.

ती सकाळी फुलते. उन्हं अंगणात उतरली की नवी फुलं उघडतात आणि पहिल्या उन्हातच माश्या येतात. बाबांनी आईला सांगितलं की सकाळचे थेंब हा मोसम राहू दे, दुपारपासून घेत जाईन. आई हातात बाटली घेऊन उभी होती. ती बाटली ती रांजणाखालच्या ओल्या वाळूत ठेवायची, थंड राहावी म्हणून. तिच्या बोटांना वाळू लागली होती.

‘‘मले तुमचे डोळे पाह्यजेत,’’ ती म्हणाली. ‘‘फूल नाही.’’

‘‘डोळे कायसाठी पाह्यजेत? पाहासाठीच ना?’’

‘‘नातवाचं तोंड नाही पाहाचं का तुमाले?’’

बाबांनी माझ्याकडे बघितलं. बघितलं म्हणजे मान पुरती वळवून, मी कुठे आहे ते शोधून. मग म्हणाले, ‘‘पाहीन. त्याले अजून वेळ आहे. हे फूल आज आहे.’’

दोन-तीन दिवस घरात कोणी कोणाशी धड बोललं नाही. चौथ्या सकाळी आईनं बाटली काढलीच नाही. बाबांना चहा दिला, अंगणात पाट टाकला आणि स्वतः धान पाखडायला बसली. तिनं हो म्हटलं नव्हतं. पण बाटली काढली नव्हती.

त्या सकाळी माझ्या आयुष्यातल्या सर्वांत शांत सकाळी होत्या. मी जडावलेली, भिंतीला पाठ लावून बसायची. बाबा समोर, झुडपात डोकं घालून, हातात शाळेचं भिंग. त्यांना एका वेळी एकच फूल दिसे, म्हणून बाजूचं पाहायचं काम माझ्याकडे. ‘‘तू आजूबाजूचं पाह्य,’’ ते म्हणायचे, ‘‘मी एकच पाहातो.’’ मग मी सांगत राहायची: बाबा, डाव्या अंगानं एक येऊन राहिली. वर गेली. खालच्या फुलावर बसली, आता तुमच्या फुलाकडं येते. आणि माशी त्यांच्या त्या एवढ्याशा जगात शिरली की ते श्वास धरायचे.

या फुलाचा खालचा ओठ होडीसारखा असतो. पुंकेसर त्या होडीत दाबून, ताणून बसवलेले असतात, चापात अडकवल्यासारखे. माशी बसली, तिनं मधासाठी तोंड आत घातलं, की चाप सुटतो. होडी खाली फेकली जाते, पुंकेसर उसळतात आणि माशीच्या पोटावर परागाची पूड बसते. डोळा लवायच्या आत सगळं होऊन जातं. बाबा मला बाभळीचा काटा देऊन त्याच्या टोकानं फूल हलकेच दाबायला लावत. ते बोटाखाली टक्क उडे. मी पहिल्यांदा दचकले होते, आणि माझ्या पोटातलं बाळही त्याच क्षणी हललं. मी ते बाबांना सांगितलं नाही. बापाला असलं कोण सांगतं? आता वाटतं, सांगायला हवं होतं. त्यांना आवडलं असतं.

माश्याही मी तेव्हा ओळखायला शिकले. फुलोरी सर्वांत लहान, ती पुष्कळदा मध पिऊन जाई आणि चाप सुटतच नसे. सातेरी शिस्तीची, एका झुडपावर खालून सुरू करी, वर चढत जाई, मग दुसऱ्या झुडपाच्या पुन्हा बुडाशी. आणि एक होती एकटी हिंडणारी, पोटावर चकचकीत निळे पट्टे असलेली. तिचं मराठी नाव बाबांना माहीत नव्हतं. ती बसत नसे, धडकत असे. ती गेली की तिच्या वाटेवरची सगळी फुलं उडालेली दिसत. तिची वाट बाबा सर्वांत जास्त पाहत, आणि तीच नेमकी कडेनं येई.

त्यांना एक गोष्ट पाहायची होती. उडालेलं फूल माशीला कळतं का? बाबांचा कयास होता की कळतं, आणि ती ते फूल टाळते. उडालेल्या फुलांच्या देठाला ते रंगीत दोरा बांधायचे, गाठ बिनचूक मारायचे, आणि उठताना पाटाला अडखळायचे. पण माश्या उडालेल्या फुलांवरही येत होत्या. पुन्हा पुन्हा येत होत्या. बाबा आधी हिरमुसले. मग एका सकाळी भिंग डोळ्याला लावून खूप वेळ बसले, आणि म्हणाले की आता समजलं. उडाल्यावर पराग जातो, तेव्हा कुठे फुलातला बी धरणारा भाग तयार होतो. मग दुसऱ्या फुलाचा पराग घेऊन माशी आली की ती कामी येते. आधी देते, मग घेते. हे पुस्तकात लिहिलेलं होतंच, ते म्हणाले, पण मी आज पाहिलं.

एवढं सांगताना त्यांचा चेहरा उजळला होता. आई मागे उभी होती. सूप हातात तसंच होतं. ती बाबांच्या चेहऱ्याकडे बघत होती, आणि मला वाटतं, त्या घडीला तिला बाटली न काढल्याचं समाधान झालं असावं. तेवढंच. पुढे ते समाधान तिला पुरलं नाही.

पौषात मला मुलगी झाली. घरीच झाली, गावची सुईण होती. बाबांना आत बोलावलं तेव्हा आईनं बाळाला खिडकीच्या उजेडात धरलं. बाबा वाकले. एवढंसं तोंड, पण त्यांच्या नजरेत ते मावत नव्हतं. त्यांनी आधी कपाळ पाहिलं. मग एक डोळा, मग दुसरा. नाक. ओठांशी खूप वेळ थांबले. मग कान शोधायला मान तिरपी केली. फूल पाहत तसंच, तुकड्या-तुकड्यानं, काही सुटू नये म्हणून. आई एरवी म्हणाली असती की थंडी लागते, पुरे. हात भरून आले तरी तिनं बाळ हलवलं नाही. बाबांनी सरळ होऊन सांगितलं, ‘‘पाहून झालं.’’ आणि नाव ठेवलं, प्रज्ञा.

रानतुळस वाळली. तिच्या काटेरी बोंडांनी धोतराला, लुगड्याला चिकटायला सुरुवात केली. बाबा ठरल्याप्रमाणे चारी वेळचे थेंब घेऊ लागले. उन्हाळ्यात नागपूरला पुन्हा तपासणी झाली, तेव्हा मी बरोबर होते. डॉक्टरांनी विचारलं, औषध नियमित घेतलं ना? बाबा तोंड उघडणार तेवढ्यात आई म्हणाली, ‘‘हो जी. मीच टाकत होती. एकबी येळ चुकली नाही.’’ बाबांनी मान पुरती वळवून तिला शोधलं. ती खाली पाहत होती. डॉक्टर म्हणाले की मग आपल्या हातात जास्त काही नाही. काहींची नजर औषध घेऊनही जातेच. नंतर एका डोळ्याचं ऑपरेशन केलं. त्यानं फरक पडला नाही.

सकाळच्या त्या थेंबांनी काय वाचलं असतं, कोण सांगणार? कदाचित एखादं वर्ष. कदाचित काहीच नाही. बाबांनी तो विषय कधी काढला नाही. आई मात्र पुढे सगळं आयुष्य औषधाची वेळ झाली की दचकायची. कुणाच्याही औषधाची. शेजारच्या म्हातारीच्या गोळ्यांचीसुद्धा तीच आठवण करून द्यायची.

शाळेत बाबा आणखी थोडी वर्षं टिकले. फळ्यावर आकृती काढताना ते आधीच्याच आकृतीवर दुसरी काढायचे. पोरं सुरुवातीला हसली, मग हसेनाशी झाली. शेवटी ते पाठ असलेलं शिकवायचे, खिडकीकडे तोंड करून. मग त्यांनी स्वतःच राजीनामा दिला. ऐंशीचं दशक अर्ध्यावर येईतो त्यांना उजेड आणि अंधार एवढंच कळत होतं, आणि मग तेही कळेनासं झालं.

त्या काळात एका हिवाळ्यात मी सिहोऱ्याला गेले होते. मला वाटलं, नजर गेली तरी वास तर आहे, माश्यांचा आवाज आहे. मी कुंपणाशी गेले आणि फुलांनी भरलेली फांदी आणून त्यांच्या हातात दिली. त्यांनी ती चाचपली. काडीचे चार कोन बोटांनी पाहिले. मग माझ्याकडे परत केली.

‘‘नेऊन टाक, बाई,’’ ते म्हणाले. ‘‘मी वासासाठी नव्हतो बसत.’’

त्यांचा आवाज रागाचा नव्हता. मी फांदी घेऊन परसात गेले आणि तिथे बराच वेळ उभी राहिले. आपण दुसऱ्याच्या दुःखाला सोयीचं टोपण शोधत असतो. हे गेलं तर ते आहे ना, असं म्हणतो. बाबांनी ते टोपण लावून घेतलं नाही. जे गेलं ते गेलं, त्याच्या जागी काही नाही, हे त्यांनी सरळ सांगितलं. त्यानंतर मी कधी फांदी नेली नाही. आईनं पुढच्या पावसाळ्यात कुंपणाची रांग उपटून तिथे वालाचे वेल चढवले.

आता माझेही डोळे दर वर्षी तपासतात, कारण हा रोग घराण्यात उतरतो. एका यंत्रासमोर हनुवटी टेकवून बसवतात. समोर एकटक बघायचं आणि कडेला कुठे ठिपका चमकला की बटण दाबायचं. अजून तरी माझ्या कडा शाबूत आहेत. पण तिथे बसले की मला भिंतीला पाठ लावून बसलेली मी दिसते, डाव्या अंगानं येणाऱ्या माशीची वर्दी देणारी. ठिपका चमकतो आणि माझं बोट थोडं उशिरा हलतं. तपासणारी मुलगी म्हणते, मावशी, लक्ष द्या.

माझी दुसरी मुलगी करुणा. ती झाली तेव्हा बाबांचं सगळं संपलेलं होतं. त्यांनी तिला मांडीवर घेतलं, वजन पाहिलं, ‘चांगली भारी आहे’ म्हणाले. प्रज्ञा गोरी, नाकेली. करुणा सावळी, गोल चेहऱ्याची, आमच्या आईवर गेलेली. पाच-सहा वर्षांची असताना एका सुट्टीत ती पायरीवर बाबांजवळ, तिच्या आबाजींजवळ, बसली होती. आई आणि मी तिथेच डाळ निवडत होतो. करुणानं विचारलं, आबाजी, मी कशी दिसते?

‘‘ताईसारखी,’’ बाबा म्हणाले.

करुणाला राग आला. तिनं सांगितलं की नाही, ताईचं नाक मोठं आहे, माझं बसकं आहे, सगळे म्हणतात. बाबांनी हात पुढे केला, तो तिच्या डोक्यावर पडला.

‘‘मले एकाच नातीचं तोंड पाहाले भेटलं, बाई,’’ ते म्हणाले. ‘‘तेच सगळ्याइले पुरवून राहिलो.’’

करुणाला त्यातलं काही समजलं नाही. ती उठून खेळायला पळाली. आई हातातलं सूप खाली ठेवून आत गेली, आणि चहाची वेळ टळून गेली तरी बाहेर आली नाही.